सुकतीच्या रेघा

होडेकर सरांचं काम लोखंड तोडायचं.
पगारच त्याचा.
मी नमुना जबड्यात धरायचो, चाक आवळायचो,
ते चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचे, चालव.

रत्नागिरीत, तंत्रनिकेतनाच्या मागची शेड.
खिडकी उघडली की मिरकरवाड्याचा सुका बांगडा
पोरांच्या आधी वर्गात हजर.
चाळीस टनांचं हिरवं यंत्र, त्याच्या डायलवर दोन काटे :
काळा भार वाढेल तसा पुढे जातो,
तुटलं की शून्यावर येतो, काही झालंच नाही अशा थाटात.
लाल मात्र राहतो तिथंच, जिथवर सोसलं तिथं.

पोरांना सांगायचे : पोलाद सांगून तुटतं.
आधी लांबतं, मग कंबर बारीक करतं, मग जातं.
बीड सांगत नाही.
घरात बीड कोण आहे ते ओळखून ठेवा.
पोरं हसायची. सर हसत नसत.

वडील राजिवड्याचे नाखवा. घराण्यात पहिले शिकलेले हे.
पीएचडीला बारा वर्षं लागली.
एक सळई फिरत राहायची रात्रंदिवस,
वर टांगलेल्या सलाईनच्या नळीतून
थेंब थेंब भाट्याचा समुद्र तिच्यावर.
पाण्याचा कॅन मीच आणायचो, सायकलला बांधून.
एकदा सतरा लाख फेऱ्यांवर वीज गेली.
सर स्टुलावर बसून राहिले अंधारात,
मग म्हणाले, थकलेल्याला मध्येच विश्रांती दिली
की हिशोब चुकतो रे.
पुण्याचे लोक म्हणत, इकडे या, सोयी आहेत.
ह्यांचं एकच : खारी हवा कुठून आणू तिथं?

मग तो नोव्हेंबर.
जयगडच्या बाहेर नाटेकरांच्या ट्रॉलरचा शाफ्ट तुटला,
रात्रभर वाऱ्यावर गेली बोट.
सकाळी ओढून आणली तेव्हा
सहातले पाच होते.
विनू नव्हता. सोळा वर्षांचा.

विमावाल्याला हवं होतं : तांडेलाची चूक.
सरांनी तुटका तुकडा रॉकेलनं धुतला,
टेबलावर ठेवला, भिंग घेतलं,
आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

तिसऱ्या संध्याकाळी मिलिंग मशीनपाशी आले.
तुकडा माझ्या हातात दिला.
बघ, म्हणाले.
तुटल्या तोंडावर रेघा होत्या, एकीच्या आत एक,
सुकतीला पाणी मागं सरताना वाळूवर ठेवतं तशा.
ह्या एका रात्रीच्या नाहीत, वर्षभराच्या आहेत.
रोज थोडं थोडं गेलंय. आता बोटानं मागं मागं जा,
सुरुवात कुठं झाली ते शोध.

गेलो.
चावीच्या खाचेचा कोपरा. काटकोनात, धारदार.
खाच मी पाडली होती. नाटेकर घाईत होते,
मासळी आली होती, मी रेडियसचं कटर बदललं नव्हतं.
पाच मिनिटांचं काम.

अहवालात त्यांनी लिहिलं :
‘खाचेच्या कोपऱ्यास गोलाई नाही. काम आमच्या कार्यशाळेतील.’
नाव लिहिलं नाही. खाडाखोडही नाही.
प्राचार्य ओरडले, चौकशी झाली,
सरांची बढती त्या वर्षी गेली ती गेलीच.
मला ते त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत.
मी नाटेकरांकडे गेलो होतो. विनूच्या आईनं पाणी दिलं.
पेला परत ठेवायला जागा सापडेना मला.

पुढं प्रत्येक बॅचला पहिल्या तासाला तो तुकडा हातोहात फिरे.
कुणी पाडली खाच, पोरं विचारत.
सर फळा पुसत राहत.
एका वर्षी मीच दारातून म्हणालो, मी.
वर्ग गप्प. सर म्हणाले, पुढं सांग.

आता यंत्र भंगारात गेलंय, किलोच्या भावानं.
चार माणसांनी उचललं तेव्हा काच फुटली,
लाल काटा तसाच होता.

सर राजिवड्यात असतात, मोतीबिंदू झालाय.
महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो.
मिलिंगवर कोण आहे सध्या?
नवा पोरगा आहे सर, लांज्याचा.
कोपरा?
गोल.
हात लावून बघितलास?
बघितला, सर.
पुन्हा बघ, म्हणतात, आणि ठेवून देतात.