लाभ

कार्लाइलच्या रक्ततपासणीत माझं काम पिवळ्याकडे बघायचं.
नळीतला द्राव पिवळा होत गेला
की समजायचं, विकर जागं आहे, राबतंय.
आयझॅक रेल्फची नळी ऑक्टोबरात
दहा मिनिटं नुसती पाण्यासारखी,
मग कशीबशी डाळीच्या निवळीइतकी.
शंभरात एकोणीस.

चारशे मेंढ्या त्यानं हौदात बुडवून काढल्या होत्या,
खरजेच्या औषधात,
हातमोजे न घालता. मोज्यात शिंग धरवत नाही म्हणे.
आता कोटाची बटणं मार्गरेट लावून देते
आणि तेवढा वेळ तो भिंतीवरच्या नकाशाकडे बघतो.

"गंजासारखं आहे का हे? घासून निघेल?" तिनं विचारलं.
मी म्हटलं, कुलपात किल्ली तुटून बसावी तसं.
पहिल्या काही तासांत आला असतात
तर तुकडा ओढून काढणारं औषध होतं.
मग तो कुलपाशी एकजीव होतो.
आमच्यात त्याला विकराचं वय झालं म्हणतात.
हे मात्र मी तिला सांगितलं नाही.

"मग?"
मग काही नाही, ते कुलूप गेलं.
पण हाडांच्या पोकळीत नवं रक्त घडत असतं,
नव्या पेशी आपापली कोरी कुलपं घेऊन येतात,
जुन्या मोडीत निघतात.
रोज शंभरात एक, जेमतेम.
त्याहून घाई केलेली रक्ताला चालत नाही.

"यान," रेल्फ म्हणाला.
इतका वेळ गप्प होता.
त्याचे आजोबा मेंढ्या मोजताना एकाला यान म्हणत.

आमच्या खळ्यावरचा मापारीही
पहिल्या पायलीला एक म्हणत नसे.
लाभ म्हणे. लाभ, दोन, तीन.
मी ते सांगितलं.
त्यानं जीभ उचलून पाहिली: "लाब."
भ त्याला जमला नाही.
मार्गरेट खिडकीकडे वळून हसली, की डोळे पुसले,
पाठीवरून कळेना.

नोव्हेंबरात एक्केचाळीस.
जानेवारीचा नमुना आलाच नाही, शॅपचा घाट बर्फानं बंद.
फेब्रुवारीत नळी
मी घड्याळ सुरू करेपर्यंतच पिवळी व्हायला लागली
आणि मला पहिल्यापासून सगळं मांडावं लागलं.

निकाल न्यायला तो एकटाच वर आला.
कोटाची बटणं स्वतः लावलेली,
एक घर चुकवून.
गळ्याशी एक बटण उरलेलं,
खाली एक काज रिकामं.
मी कागदावर आकडा लिहून दिला.
बटणांचं काही बोलले नाही.