तिसऱ्याला अडकतो

कोपरखैरण्यात, माथाडींच्या बैठ्या घरांच्या ओळीत
हणमंत धनावडे यांची पिठाची गिरणी.
मागे पडद्याआड दोन टीव्ही,
एक रंगीत, एक रंगीत असल्याचं सांगितलेला.
अर्ध्या तासाला दोन रुपये.
कॅसेटींवर पीठ बसायचं,
म्हणून फुंकर मारूनच आत खुपसायच्या.
फुंकर म्हणे जगभर मारायचे,
पण भुवया पांढऱ्या आमच्याच व्हायच्या.

प्रत्येक कॅसेटवर चिकटपट्टी,
तिच्यावर धनावडेंचं बॉलपेनातलं तिरपं अक्षर:
गाडी. ब्रेक नाही.
विमान. लहान पोरांनी मागू नये, रडतात.
डबल आहे. सख्ख्या भावांनी खेळू नये.
वर चित्र वाघाचं. आत वाघ नाही.
आणि माझ्या लाडकीवर:
माणूस उड्या मारतो. तिसऱ्याला अडकतो. पैसे परत नाहीत.

आता मी महापेला रात्रपाळीत सर्व्हर राखतो
आणि तीनच्या चहाबरोबर परीक्षणं वाचतो,
मुद्दाम जुन्या दिसायला बनवलेल्या
नव्या गेमांची.
"बालपणाला लिहिलेलं प्रेमपत्र."
कुणाच्या बालपणाला? पत्ता तरी घाला.
एकाच आठवड्यात चौघांनी तेच वाक्य लिहिलं,
जणू गेमच्या पाकिटातूनच आलं होतं.
खाली आकडा: साडेसात.
वरचा अर्धा कशाचा, साहेब?
माझा बाप कांदा-बटाटा मार्केटात गोणी उचलायचा.
तिथे अर्धा किलो इकडचा तिकडे झाला
तर कुठे गेला ते सांगावं लागे.

तरी गेम घेतला. सहाशे चाळीस रुपये.
सेटिंगमध्ये एक पर्याय आहे, "जुना टीव्ही".
दाबला की आडव्या रेघा येतात,
कोपरे गोल होतात, रंग जरा विटतात.
आमच्या रेघा गिरणी सुरू झाली की यायच्या.
गव्हाला कमी, बाजरीला जास्त.
शकूकाकी डबा ओतायला उठल्या
की आम्ही ओरडायचो, काकी, थांबा, पूल आलाय!
त्या थांबायच्या नाहीत.
हा पर्याय कुठल्याच सेटिंगमध्ये नाही.

तिसऱ्या लेव्हलला तो पूल.
माणूस उडी घेई, आणि तिथेच,
हवेत, एक पाय पुढे,
हिरव्या पट्ट्या, एक लांबलचक सूर.
आम्हाला तोच शेवट वाटायचा.
संभा ढेबे पहिल्यांदा तिथवर पोचला
तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या,
त्याला चार आण्याचा पेप्सीकोला पाजला.
पाच वर्षं आम्ही तो गेम जिंकत होतो.

चौतिसाव्या वर्षी कुणीतरी अख्खी प्रत धाडली.
पुलापलीकडे बर्फ होता.
मग खाण, मग जहाज, अशा एकूण आठ.
शेवटी एक महाल आणि बनवणाऱ्यांची नावं.
मी नावं संपेपर्यंत बसलो नाही.
गावात मुक्कामाला थांबते म्हणून ठाऊक असलेली एसटी
रोज पुढे जात होती
आणि आम्हाला कुणी उठवलं नव्हतं.

या नव्या गेमचं एक सांगतो, कारण कुणी लिहिलेलं नाही:
उडी जमलीय.
टोकाला पोचल्यावर तो माणूस किंचित थांबतो,
गोणीवर उतरण्याआधी गिरणीतलं मांजर थांबायचं तसा.
त्या एका थांबण्यासाठी कुणीतरी
महिनाभर डोळे फोडले असणार.
चौघांपैकी एकालाही दिसलं नाही.
बालपण शोधायला गेले होते,
बोटांकडे बघायचं राहिलं.

पहाटे सुटल्यावर स्टेशनाजवळच्या मेडिकलमधून
पांढरी चिकटपट्टी घेतली,
लॅपटॉपच्या झाकणावर लावली, आणि लिहिलं:
माणूस उड्या मारतो. उडी चांगली.
कुठेच अडकत नाही.

पैशांचं काय लिहावं
ते अजून ठरत नाही.