कळ

ओपुवोच्या पत्र्याच्या गॅरेजात
अल्फॉन्स चांबिरू गाडीभोवती दोनदा फिरला,
मग गुडघ्यावर बसला, बायकोची शिवणाची टेप काढली,
चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत मोजलं
आणि खडूने दारावरच लिहिलं :
मागे, डावीकडे, सेहेचाळीस.
‘बसलीय,’ म्हणाला, ‘चाळिशीतली बाई बसावी तशी.’
मी बेचाळीसची. मी उभीच राहिले.

पैसे एकाच गोष्टीपुरते होते.
एक तर लिफ्ट : नव्या स्प्रिंगा, लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर,
दोन इंच उंची. चार नको, तो म्हणाला,
चार इंच म्हणजे लग्नातल्या टाचा,
फोटोत झकास, उतारावर आडव्या.
शिवाय शाफ्टचा कोन बिघडतो,
साठच्या वर पोटात घरघर सुरू.
नाहीतर मागच्या आसाला लॉकर :
हवेचा छोटा पंप, एक नळी,
डॅशबोर्डवर एक कळ.

मी गुरांना लसी टोचत हिंडते.
गेल्या वर्षी होआरुसिबच्या कोरड्या पात्रात
गाडी तिरपी अडकली,
मागचं एक चाक हवेत, एक वाळूत.
हवेतलं गरगर, वाळूतलं ढिम्म.
अकरा तास.
शीतपेटीतल्या बर्फाचं पाणी झालं, पाणी कोमट झालं.
पलीकडच्या काठावर म्हातारा मुहारुकुआ
तीनशे गुरं घेऊन उन्हात बसून होता.
दिवस कलल्यावर तो उठला
आणि काही न बोलता गुरं परत घेऊन गेला.
बोलला असता तर बरं झालं असतं.

‘त्यात डिफरन्शियलचा काय दोष?’
अल्फॉन्सने फरशीवर दोन गोल काढले.
‘वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा, आतल्याला जवळचा.
म्हणून ते दोघांना आपापल्या चालीने चालू देतं.
शहाणं आहे. पण एक खोड :
ज्याला सगळ्यात कमी जोर पुरतो
त्याच्याच मापाने दोघांना वाढतं.
मग अधांतरी असलेलं नाचतं,
जमिनीवरचं उपाशी.’
लॉकर लावला की दोन्ही एकाच आसाला बांधली,
एक फिरलं की दुसऱ्याने फिरायचंच.
‘फक्त डांबरावर दाबू नकोस.
वळायला नकार देते, टायर खरवडते, शेवटी काहीतरी मोडते.
अडलं की दाब, सुटलं की सोड.’
म्हटलं, हे मला लग्नाआधी सांगायचंस.
तो हसला नाही.
त्याने टपाकडे पाहिलं.

टपावर गोट्लिबचा तंबू, शिडीसकट.
मागे गोट्लिबचं लोखंडी कपाट,
त्याची पाण्याची टाकी, जादा स्टेपनी,
एकदाच पेटलेली मांस भाजायची शेगडी.
वॉल्विस बेला मासळीच्या कारखान्यात गेला
त्याला आता तीन वर्षं.
‘येऊन नेतो सगळं,’ म्हणाला होता.
आणि मी प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक दगडावर
स्वतःला सांगत आले,
थोडी कळ काढ, वेकोंजा.

‘सतराचा पाना दे,’ मी म्हणाले.

बोल्ट गंजले होते. दोन कापावे लागले.
कपाट काढताना अंगठ्याचं नख गेलं.
तंबूखालच्या टपाचा रंग निघाला हिरवा,
मी विसरले होते गाडी हिरवी घेतली होती.
दिवेलागणीला अल्फॉन्सने पुन्हा टेप लावली,
‘एकोणपन्नास,’
आणि आधीचा आकडा थुंकीने पुसला.
तीन सेंटिमीटर. फुकटात.
‘दोन इंच नव्हेत हे,’ त्याने बजावलं.
नव्हेत. माहीत आहे.

लॉकर बसवला.
तंबू अल्फॉन्सच्या कोंबड्यांकडे गेला.
परवा त्याच पात्रात, त्याच जागी
चाक हवेत उचललं गेलं. थांबले, कळ दाबली.
खालून ‘टक्’ एवढाच आवाज,
मग वाळूतलं चाक चावायला लागलं
आणि आम्ही काठावर.
वर येताच कळ सोडली, आठवणीने.
बर्फ अजून कडक होता.
मुहारुकुआने पेटीत हात घालून खात्री केली,
मगच पहिली गाय पुढे ढकलली.

पोट अजून दगडांना घासतं.
लिफ्टचं पुढच्या वर्षी बघू.