पंधरा वर, एक खाली

उत्तरेश्वर पेठेत पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
दर गुरुवारी आमच्या सेवा क्लबाची बैठक.
गिरणी चालू असली की इतिवृत्ताची वही थरथरते.
माझं अक्षर त्यामुळं असं आहे,
शाळेला दोष देऊ नका.

खुर्च्या पंधरा. माणसं यायची नऊ.
'सभासदसंख्या वाढवणे' हा ठराव
दर वर्षी एकमतानं मंजूर,
मांडणार सरनाईक, अनुमोदक मीच.
पत्रकं छापली, गंगावेशीत दूधकट्ट्यावर वाटली.
धारोष्ण दूध पिऊन लोकांनी
त्याच कागदानं मिशा पुसल्या.
एकानं तेवढं विचारलं, "सभासद झालो तर मिळणार काय?"
सरनाईक म्हणाले, "गुरुवारी चहा."
"त्यो घरात बी मिळतोय की."
खरं होतं. आम्ही पत्रकं गोळा करून वर आलो.

तसं आमच्याकडं होतं तरी काय?
दोन वॉकर. एक पाण्याची गादी.
तीन कुबड्या (चौथी कुणी परत दिली नाही,
बहुतेक अजून लागत असावी).
आणि एक चाकाची खुर्ची,
मगदूमांनी उद्यमनगरात चाक बदलून आणलेली,
तेव्हापासून डावीकडं ओढणारी.
डिपॉझिट दोनशे.
नसले तर नाव आणि गल्ली.

मग सुरू कधी झालं, ते वहीत सापडत नाही.
रेश्मा शिकलगार वॉकर परत द्यायला आली
एवढं आठवतं.
अम्मी गेली होती तिची.
वॉकर धुतलेला, खालची रबरं नवी घातलेली.
मी दोनशे मोजून दिले. ती उठेना.
"तीन महिने रातच्याला ह्याचा आवाज ऐकलाय," म्हणाली,
"टक, टक, मोरीपर्यंत. मग परत टक, टक.
आता घरात झोप येईना.
जरा बसू का इथं?"

बसली. पुढच्या गुरुवारी आली.
त्याच्या पुढच्याही.
अर्जात 'सभासद होण्याचे कारण' असा रकाना आहे,
तो मी तिला दाखवलाच नाही.

पाण्याची गादी दोघं कवाळे भाऊ घेऊन आले,
दोन टोकं दोघांनी धरलेली,
वाटणीपासून एकमेकांशी न बोलणारे.
खोलीच्या दोन टोकांना बसले.
पावत्या दोन फाडल्या.
पायाचं प्लॅस्टर निघालेला एक रिक्षावाला
कुबड्या ठेवून गेला आणि गुरुवारी परत आला,
म्हणाला, "पाय मोकळा झालाय. सांगा, कुठं जायचं?"
अशी माणसं.
पत्रक एकानंही वाचलं नव्हतं.

ह्या गुरुवारी पंधराही खुर्च्या भरल्या.
सोळावा आला, पोरगाच म्हणायचा,
कपड्यांना गुऱ्हाळाचा वास,
भिंतीला टेकून उभा राहिला.
सरनाईक म्हणाले, "बस की त्या चाकाच्या खुर्चीत,
आज कुणी नेलेली न्हाई."
बसला. पाय कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

अध्यक्ष विषय क्रमांक एकवर आले,
नेहमीचाच विषय,
तोवर जिन्यात चपला वाजल्या.
बाई अर्ध्या जिन्यातनंच बोलत आली,
"चाकाची खुर्ची हाय न्हवं?
मालकास्नी सीपीआरमधनं सोडलंय,
रिक्षा गल्लीच्या तोंडाला हाय,
आत न्यायचं कसं..."

पोरगा उठला.
खुर्ची मिटली, खांद्यावर घेतली,
बाईच्या आधी जिना उतरला.
डिपॉझिट कुणी मागितलं नाही.
मी कठड्यावरनं ओरडलो, "डावीकडं ओढती रे!"
"बघतो की," खालनं आवाज आला.

उपस्थिती लिहायला घेतली.
पंधरा, की सोळा?
त्याचं नावही विचारायचं राहिलेलं.
सरनाईक म्हणाले, "जागा सोड थोडी."
सोडली. आणि लिहिलं: पंधरा वर, एक खाली.

तेवढ्यात गिरणी चालू झाली.
वही बघा हवी तर,
'खाली'वरची वेलांटी
पार डावीकडं गेली आहे.