सकाळपर्यंत उघडू नये

बाहेर उणे सेहेचाळीस.
धुकं इतकं दाट की सिग्नल लाल आहे की हिरवा
ते पुढच्या बसच्या पाठीकडे बघून ठरवायचं.
आणि आमचा आयताल, वय सतरा,
जेवता जेवता म्हणतो,
बाबा, मला पंखा घ्यायचाय.

सार्दानानं चमचा खाली ठेवला आणि हसली.
याकूत्स्कमध्ये पंखा!
खिडकी उघड की रे, फुकट आहे.
तो हसला नाही.
पैसे त्याचेच होते. दोन उन्हाळे
लेनेच्या धक्क्यावर बटाट्याची पोती उतरवलेली.

मी बॉयलरघरात आहे, सव्वीस वर्षं.
उष्णता मला शेजाऱ्यासारखी ठाऊक:
वाट दिली नाही तर भिंतीशी भांडते.
खुर्ची ओढली, म्हटलं, दाखव.

पहिला पाण्याचा. पंप, दोन नळ्या, जत्रेसारखे दिवे.
पाणी म्हटल्यावर मी विचारलं,
ट्रकमध्ये किती दिवस?
नोवोसिबिर्स्कहून नऊ, शेवटी गोठलेल्या नदीवरून.
आत नुसतं पाणी नसतं, बाबा, न गोठणारं काहीतरी घालतात.
किती उण्यापर्यंत न गोठणारं?
ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.
मी फेब्रुवारीतल्या त्या रात्रीचं सांगणार होतो,
फुटलेला पाइप, येगोर प्रोकोप्येविचची
बर्फानं कडक झालेली बाही,
पण त्याला ते तोंडपाठ आहे.

मग हवेचा. दोन बुरूज, तांब्याच्या सहा नळ्या.
उंची एकशे पासष्ट मिलिमीटर,
कॅबिनेटमध्ये जागा एकशे साठ.
पाच मिलिमीटरवरून लग्नं मोडतात,
सार्दाना म्हणाली. एव्हाना
तीही टेप घेऊन येऊन बसली होती.
अखेर एकच बुरूज, एकशे पंचावन्न,
काळाकुट्ट, एकही दिवा नाही.
दिव्यांसाठी आयताल दोन दिवस गप्प होता.

पॉवर सप्लाय मात्र दुकानातून.
क्युन्नेयनं काउंटरवर दोन ठेवले,
दोन्हींवर साडेसातशे वॅट,
एकाची किंमत दुसऱ्याच्या निम्मी.
मी दोन्ही उचलले, एकेका हातात, तागडीसारखे.
स्वस्तातला चिमणीएवढा.
वजनावर घेता की काय? ती म्हणाली.
म्हटलं, आकड्याला शाई पुरते, आत तांबं लागतं.
तिनं तो परत फळीवर ठेवला,
आणि हळूच म्हणाली,
आमच्याकडे हाच आहे. चालतोय अजून.

परतताना आयताल बोटं मोजत होता:
कार्ड तीनशे, प्रोसेसर सव्वाशे,
बाकी सगळं मिळून पन्नास.
मग साडेसातशे कशाला, बाबा?
आमच्याकडे बॉयलर तीन आहेत, मी म्हटलं.
चालतात दोन.
तिसऱ्याला आम्ही रोज पुसतो.
तो काही बोलला नाही. पॉवर सप्लाय
कोटाच्या आत, पोटाशी धरलेला,
जणू त्यालाच थंडी वाजत होती.

कूलर अकराव्या दिवशी आला.
खोक्यावर हिमाची बुरशी,
चिकटपट्टी काचेसारखी तडकलेली.
आयताल सुरी घेऊन धावला.
थांब.
एवढ्या गारठ्यातून आलेली वस्तू
उबेत लगेच उघडली तर तिला घाम फुटतो,
अन् त्या घामाला वीज दाखवू नये.
किती वेळ?
सकाळपर्यंत.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी त्याच्या वयात
माझ्या बापाकडे पाहिलं असेन. आठवत नाही.

रात्री तीनला पाणी प्यायला उठलो.
तो स्वयंपाकघरात, जमिनीवर, भिंतीला टेकून झोपलेला.
खोका पायांपाशी,
चारही बाजूंनी ओला.
मी बोटानं एक ओघळ पुसला.
अजून गार होता.