सुगी

आपल्याकडे सुगी म्हणजे कापणीचे दिवस,
खळ्यावर रास, चार पैसे गाठीला.
ओकुतामात सुगी हे एका झाडाचं नाव.
सरळसोट, काळपट हिरवं, डोंगरामागे डोंगर भरून.
फेब्रुवारी सरता सरता वारा त्याला हलवतो
आणि रानातून पिवळा धूर उठतो,
वणव्यासारखाच,
फक्त जळका वास नसलेला.

कुराशिना तोकुझो, वय एकोणऐंशी,
औषधांच्या दुकानाबाहेर उभा राहून कोट झटकतो.
मग शिंकतो. अकरा वेळा.
मोजतो, कारण ओंडके मोजण्यात जन्म गेला.

काउंटरमागची इसोनो मिहारु नेहमीचं खोकं काढते.
"हे नको. ती जुनी गोळी दे,
जिच्यानं नाकही सुकायचं आणि मीही
तोडलेल्या झाडासारखा आडवा व्हायचो."

"का?"

तो उत्तर देत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो.
बायको गेल्याला नोव्हेंबरात वर्ष झालं,
हे तिला ठाऊक आहे. गाव लहान आहे.

दुकानात दुसरं कोणी नव्हतं,
म्हणून तिने सांगायला घेतलं.
नाकाच्या आतल्या अस्तरात काही पेशी
पोटात पुड्या घेऊन बसलेल्या असतात.
सुगीचा एक कण चिकटला
की त्यांना वाटतं, शत्रू आला,
आणि त्या सगळ्या पुड्या फोडतात.
त्यातून निघतं हिस्टामिन.
ते धावत जाऊन आपल्या ठरलेल्या जागी बसतं,
बसलं की रक्तवाहिन्या पाझरतात,
मज्जातंतू खाजतात,
डोळे उगाचच रडून घेतात.

"आणि गोळी त्याला मारते."

"छे. एका कणालाही नाही.
ती आधी जाऊन त्याच्या उशीवर बसते."

ती उशी म्हणाली. मी पाट म्हणेन :
पंगत मांडलेली, पाहुणा दारात,
आणि त्याच्या पाटावर कुणी परकं
ठाण मांडून, मुकाट, न जेवता.
पाहुणा घरभर फिरतो, पण बसायला जागा नाही.
इतकंच नव्हे, पाट रिकामा असला तरी
आपल्याआपणच थोडा कुरकुरत असतो,
बसणारी त्याची ती कुरकुरही थांबवते.

"मग झोप कुठून यायची?"

इथे तिने आवाज उतरवला.
"तेच हिस्टामिन मेंदूतही असतं, आजोबा.
तिथे ते शिंका देत नाही,
तिथे ते आपल्याला जागं ठेवतं.
जुनी गोळी मेंदूची भिंत ओलांडून
तिथलेही पाय मोडायची.
नवी बहुतेक बाहेरच थांबते.
ह्या वयात जुनी घेऊन रात्री उठलात,
जिन्यावर तोल गेला, तर?
लघवी अडते ती वेगळीच.
झोपेसाठी डॉक्टरांकडे जा. मी फोन करते."

म्हणजे जे नाकात छळतं
तेच डोक्यात कंदील धरून बसलेलं.
तोकुझोला हे आवडलं नसावं.
त्याने खोकं उलटंपालटं केलं,
बारीक अक्षरं वाचल्यासारखं केलं. चष्मा गाडीत होता.

मग म्हणाला,
"नऊ वर्षांचा होतो. शाळेतून रोपं द्यायचे,
एकेकाला चाळीस.
युद्धात डोंगर बोडके झाले होते,
उरलेसुरले ओक, चेस्टनट
आमच्या बापांनी तोडले.
त्यांच्या जागी आम्ही सुगी बसवली.
घरं बांधायला, म्हणाले.
पुढे लाकूड बाहेरून स्वस्तात यायला लागलं."

काउंटरवर सुट्टे पैसे. त्याने तेही मोजले.

"ही तुझी गोळी. किती वेळ बसते?"
"एक दिवस. मग उठते."
"आणि ज्याची जागा, तो परत येतो?"
"येतो."

त्याने मास्क वर ओढला, दार सरकवलं.
समोरचा डोंगर आज दिसतच नव्हता.

"चेस्टनटला सत्तर वर्षं झाली,"
म्हणाला,
आणि बारावी शिंक दिली.