माया

मशीनखाली उंदीर मेला असेल
म्हणून दोन दिवस शोधत होतो.
कपाटामागे, चिंध्यांच्या पोत्यात.
वास पायडलजवळच यायचा.

शाळा उघडायला आठ दिवस,
पांढऱ्या सदऱ्यांची चळत खांद्याएवढी.
एका बाहीवर डाग पडला तेव्हा
वच्छलाने आधी सदरा धुतला,
मग माझा पाय पाहिला.
"लंगडत काहून नाई तुमी?
लंगडले असते त समजलं असतं मले."

कशाला लंगडू? दुखलंच नाही.
उन्हाळ्यात कधीतरी सुई मोडली होती,
अर्धी सापडली, मी नवी लावली.
दुसरी अर्धी घाटंजीच्या दवाखान्यात सापडली, फोटोत,
करंगळीच्या मुळाशी,
कोणी उद्यासाठी खोचून ठेवावी तशी.

यवतमाळला एकाने गुडघ्याखाली बोट फिरवलं होतं.
इथून, म्हणाला.
तीस वर्षं खडूने रेघा मारतो मी,
मला रेघ कळते.

डॉक्टर मडावी माझ्या मुलीच्या वयाच्या.
त्यांनी पाय दोन्ही हातांत घेतला,
पावलावर नाडी शोधली, सापडली.
मग नायलॉनचा दोरा काढला.
"डोळे मिटा. लागला की सांगा."

दोरा!
अंधारात दोन बोटांनी चोळून
सुती की टेरिकॉट सांगणारा मी
डोळे मिटून बसलो
वाट पाहत.
बाई म्हणाल्या, उघडा.
दहा ठिकाणी लावून झाला.

टेबलावर घेताना एवढंच म्हणालो,
बाई, कापाल तेव्हा माया ठेवा.
त्या थांबल्या.
(त्यांची आई ब्लाउज शिवायची, हे नंतर कळलं.)
मेलेलं तेवढंच काढलं.
पू, काळी पडलेली करंगळी,
आणि सुईचं टोक, ते वच्छलाने मागून घेतलं.

जखम उघडीच ठेवली. टाका नाही.
माझ्याने बघवेना,
उसवलेलं असं सोडून देतात का कोणी?
"आतून भरू द्या," सिस्टर रोज पट्टी बदलताना म्हणायची,
"वरून शिवलं त आत सडते."

दीड महिना पाय टेकवला नाही.
पोटात सकाळ-संध्याकाळ सुई, दुसऱ्या जातीची.
सदरे दारव्ह्याच्या पोराने शिवले,
कॉलरी वाकड्या.

आता मशीनला मोटर आहे.
गिऱ्हाइकांचा आरसा रात्री जमिनीवर उतरतो,
वच्छला चष्मा लावून तळवा वाचते,
चपलेत हात फिरवून बघते.
"काई नाई आज."

परवा गुल्हाने कंडक्टर आला,
वर्षात तिसऱ्यांदा पँट कमरेत आत घ्यायला.
साखर आहे का, विचारलं.
"थोडीशी. गोळी घेतो ना, याद आली की."
म्हटलं, चप्पल काढा.
"पँटीले तळव्याचं माप कायले?"
हसत बसला बाकावर, डोळे मिटले.
गल्ल्यातून मी बाईंनी दिलेला तुकडा काढला.

"लावा ना भाऊ, लावा लवकर,
गाडी सुटते माही."

दोरा केव्हाचा वाकला होता.